एका दोरीवर तीन माश्या

मी माशी लावून मासे पकडायला शिकतोय, असं आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं आवाज तुटतोय.

"काय लावून?"

"माशी. खोटी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून करतात."

"आणि मासा फसतो तिला?"

"कधीकधी."

"मग काय, कालवण करतोस तिकडे?"

"नाही, सोडून देतो."

आम्ही चिपळूणचे. आमच्या घरात मासा हा थट्टेचा विषय नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "खायचा नाही, तर धरायचा कशाला रे?"

या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न आहे, त्याच्यावर मी गेली काही वर्षं अडकून आहे. धरायचा एकच मासा, तर गळ तीन कशाला?

मी 2021 साली नोकरीसाठी लीड्सला आलो. टीममध्ये निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ होते. त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला मला सहा महिने लागले, त्यामुळे इथे मी त्यांना काकाच म्हणतो. पहिला हिवाळा मी खोलीत बसून काढला, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पुढच्या एप्रिलमधल्या एका शनिवारी त्यांनी मला इल्कलीला बोलावलं. लीड्सहून ट्रेनने अर्धा तास. तिथून वार्फ नदी वाहते. वर डोंगरात पाऊस झाला की ती फुगते आणि तिचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. तिथे ब्राउन ट्राउट असतात, तांबूस ठिपक्यांचे, जेमतेम हातभर.

मासेमारी मी पाहिली होती ती मामाची. वाशिष्ठीच्या कडेला बसून तो गळाला कोळंबी लावायचा, दोरी पाण्यात सोडायचा आणि विडी पेटवायचा. एक गळ, एक कोळंबी, एक विडी. काकांच्या हातातला प्रकार वेगळाच होता. मामाची दोरी शिशाच्या वजनाने लांब जायची. इथे माशीला वजनच नसतं, ती फुंकरीनेही उडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. रॉड मागे-पुढे झुलवून ती जाड दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या टोकाला बांधलेला बारीक, पारदर्शक नायलॉन तिच्या मागोमाग जाऊन पाण्यावर अलगद पडतो. त्या नायलॉनला लीडर म्हणतात. माशी त्याच्या टोकाला असते.

एक माशी, असं मला वाटलं होतं. काकांच्या लीडरवर तीन होत्या.

सगळ्यात खालच्या टोकाला एक, तिला पॉइंट फ्लाय म्हणतात. तिच्या वर साधारण हातभर अंतरावर दुसरी, आणि तेवढ्याच अंतरावर तिसरी. वरच्या दोन्ही मुख्य दोरीतून फुटलेल्या चार बोटं लांबीच्या फांदीवर लोंबत होत्या. त्या फांदीला ड्रॉपर म्हणतात. ती वेगळी बांधत नाहीत. नायलॉनचे दोन तुकडे एकमेकांना जोडताना गाठीतून जी टोकं उरतात, त्यातलं एक कापायचं आणि दुसरं लांब ठेवायचं. कुठलं ठेवायचं, याला महत्त्व आहे. वरून, म्हणजे रॉडकडून आलेल्या तुकड्याचं जे टोक गाठीतून खाली निघतं, ते ठेवायचं. मग गाठ सुटली तरी त्या माशीला लागलेला मासा थेट तुमच्या हाताशी जोडलेला राहतो. मला हे फार आवडलं. एक गोष्ट मोडली तर काय काय मोडेल, याचाच विचार करायचा मला पगार मिळतो.

तिन्ही माश्या यॉर्कशरच्या जुन्या पठडीतल्या होत्या. नखाएवढ्या गळावर रेशमाचे काही वेढे आणि डोक्याशी एका पिसाचे मोजके तंतू, बस्स. नारिंगी रेशमावर तित्तिराचं पीस म्हणजे 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'. जांभळ्या रेशमावर पाणलाव्याचं पीस म्हणजे 'स्नाइप अँड पर्पल'. पिवळ्या रेशमावर जेमतेम दिसेल इतकी करडी लव आणि पाणकोंबडीचं पीस म्हणजे 'वॉटरहेन ब्लोआ'. कोरड्या असताना त्या एखाद्या शर्टाच्या उसवलेल्या शिवणीसारख्या दिसतात. पाण्यात गेल्या की पिसाचे तंतू हलायला लागतात, आणि मग एखादा किडा धडपडत वर येतोय असं वाटतं.

माशाला तो किडा नेमका कुठे हवाय, हे आपल्याला ठाऊक नसतं. मेफ्लायचं पिल्लू नदीच्या तळाशी दगडांत राहतं, मोठं झालं की पृष्ठभागाकडे निघतं, तिथे कात टाकून पंख बाहेर काढतं आणि उडून जातं. या प्रवासात मासा त्याला कुठेही गाठू शकतो. म्हणून तीन माश्या लावायच्या. खालची जरा खोल चालते, मधली मध्ये, आणि सगळ्यात वरची, जिला बॉब फ्लाय म्हणतात, ती पृष्ठभागाजवळ राहते. जुने लोक सांगतात की कधीकधी मासा वरच्या माशीच्या खळबळीने येतो, तिला पाहतो, नाकारतो, आणि वळताना खालची उचलतो. ज्या माशीने बोलावलं ती वेगळी आणि जिने पकडलं ती वेगळी.

"आपण नदीला तीन प्रश्न विचारतोय," काका म्हणाले होते. "एकाला उत्तर मिळालं की बाकीचे विचारणं बंद करायचं."

पहिलं वाक्य मी लगेच पाठ केलं. दुसरं तेव्हा कानावरून गेलं.

त्या उन्हाळ्यात मी बराच वेळ गुंते सोडवण्यात घालवला. एका माशीचा गुंता म्हणजे कानातल्या हेडफोनच्या वायरीचा गुंता. तीन माश्यांचा गुंता म्हणजे एकत्र कुटुंबाच्या जमिनीचा. रॉडची झोळ जरा घाईत आली की तिन्ही एकमेकींच्या गळ्यात पडतात. काका म्हणायचे, सावकाश, दोरी मागे पूर्ण उलगडू दे. उलगडायच्या आधी मी पुढे ओढायचो. हिवाळ्यात पोटमाळ्यावर बसून त्यांनी मला माश्या बांधायला शिकवलं. यॉर्कशरमध्ये 1 ऑक्टोबर ते 24 मार्च ब्राउन ट्राउट धरायला बंदी असते, तेवढ्या काळात लोक हेच करतात.

त्यांच्या पोटमाळ्यावरच्या पुस्तकांतून मला कळलं की तीन माश्या की एक, हा इंग्लंडमधला जुना आणि बऱ्यापैकी कडवट वाद आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या नद्या पावसाच्या, उतारावरच्या, खळाळत्या. तिथे बुडणाऱ्या माश्या आणि एकाहून अधिक माश्या ही रोजची रीत. एडिनबरोच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्टने 1857 साली 'द प्रॅक्टिकल अँगलर' लिहून अशा पातळ पिसांच्या माश्यांचा पुरस्कार केला. लीड्सच्या टी. ई. प्रिटने 1885 साली 'यॉर्कशर ट्राउट फ्लाइज' काढलं. आम्ही बांधत होतो त्या माश्या त्यात आहेत.

दक्षिणेकडे हॅम्पशरच्या नद्या खडूच्या जमिनीतून झऱ्यांनी भरतात. पाणी काचेसारखं, संथ. मासा दिसतो, तो काय खातोय तेही दिसतं. तिथल्या फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 साली तरंगणाऱ्या माश्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या अनुयायांनी त्याचा जवळजवळ धर्म केला. मासा आधी दिसला पाहिजे. माशी एकच, कोरडी, तरंगती, तो खात असलेल्या किड्यासारखी, आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने त्याच्यासमोर टाकलेली. पुढे जी. ई. एम. स्क्यूजने 1910 साली लिहिलं की अहो, याच नद्यांत मासे पाण्याखालीही खातात, तिथेही माशी टाकायला हरकत नाही. त्यावरून पुढची काही दशकं वाद चालला.

मी अर्थातच उत्तरेच्या बाजूचा होतो. एकाच माशीचा हट्ट मला श्रीमंतांचा वाटायचा. ज्याला काचेसारखं पाणी मिळतं, मासा समोर दिसतो, त्याने एकनिष्ठ असावं. आपलं पाणी कोऱ्या चहाचं. आपण तीन लावायच्या.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला लागेल.

2023 च्या सुरुवातीला माझ्याही दोरीवर तीन माश्या होत्या. लीड्सची नोकरी चालू होती आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे इथे सलग 5 वर्षं काढली की कायम राहण्याचा अर्ज करता आला असता. बर्लिनमधल्या एका कंपनीशी मुलाखतींच्या फेऱ्या चालल्या होत्या. आणि पुण्यात कॉलेजच्या मित्राने कंपनी काढली होती, तो म्हणत होता, ये, तुझी खुर्ची ठेवलीय. मी तिघांनाही हो म्हटलं नव्हतं आणि तिघांनाही नाही म्हटलं नव्हतं. याचा मला थोडा अभिमानही होता. आमच्या पिढीला कॉलेजात असल्यापासून हेच सांगितलंय की पर्याय मोकळे ठेवा.

पुण्यात ती होती. आम्ही कॉलेजपासून एकत्र होतो. ती विचारायची, "परत येतोयस का?" मी म्हणायचो, "ऑगस्टपर्यंत कळेल." हे मी जानेवारीत म्हटलं, मार्चमध्ये म्हटलं, मे महिन्यातही म्हटलं. यात एकही शब्द खोटा नव्हता.

आमच्या कामात एक युक्ती वापरतात. सर्व्हर कधी उशिरा उत्तर देईल याचा भरवसा नसतो, म्हणून थोडं थांबून तीच रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरलाही पाठवायची आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते घ्यायचं. फक्त एक पथ्य असतं. उत्तर मिळालं की उरलेली रिक्वेस्ट रद्द करायची. नाहीतर ती मागे चालत राहते आणि कुणाचा तरी वेळ, कुणाची तरी मेमरी खात बसते. हे मी बर्लिनवाल्यांना मुलाखतीत फाडफाड समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

जून महिन्यातली संध्याकाळ. यॉर्कशरमध्ये तेव्हा साडेनऊपर्यंत उजेड असतो. मी आणि काका नदीवर होतो. ते खालच्या उघड्या पात्रात, मी वर, जिथे काठाने आल्डरची झाडं पाण्यावर वाकलेली आहेत. काकांची एक सवय मी पाहिली होती. झाडांखाली जायचं असलं किंवा अंधारायला लागलं की ते दोन माश्या कापून खिशाला टोचायचे आणि एकीवरच खेळायचे. मला वाटायचं, वयाने डोळे कमी झालेत, गुंते दिसत नाहीत म्हणून करत असतील. मी तीन तशाच ठेवल्या. झाडाखाली मासे वर येत होते, त्यात थांबून दोऱ्या कोण कापणार?

मासा लागला. सगळ्यात वरच्या माशीला. चांगला होता, माझ्या त्या वर्षीच्या सगळ्या माशांहून मोठा. तो थेट मुळांकडे पळाला. मी रॉड आडवा करून त्याला वळवलं, तो वळलाही, आणि मग सगळं अचानक थांबलं. दोरी ताठ, पण तिच्यात जीव नाही. दगड ओढल्यासारखं. वरच्या माशीला मासा होता, आणि खाली मोकळी लोंबणारी पॉइंट फ्लाय पाण्याखालच्या फांदीत रुतली होती.

मी घाबरून ओढलं. नायलॉन तुटला. तो वरच्या गाठीच्याही वर तुटला.

दोरी हलकी होऊन परत आली. पहिल्यांदा वाटलं, गेला, वाचला. मग पाण्यात चकाकलं. तो गेला नव्हता. तुटलेल्या लीडरने तो त्या फांदीला बांधला गेला होता. वासराला खुंट्याला बांधावं तसा तो दीडेक मीटरच्या वर्तुळात फिरत होता. प्रवाहात ओढला जायचा, दोरी ताणली की गर्रकन वळायचा, पोट वर दिसायचं, पुन्हा फिरायचा. आमच्या क्लबात गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा लागतो. दोरी जरा सैल पडली असती तर गळ आपोआप निघाला असता. पण प्रवाह ती सैल पडू देत नव्हता.

मी आत उतरलो. पाणी मांड्यांपर्यंत, मग कमरेच्या वर, आणि जूनमध्येही हाडात शिरेल असं गार. गमबुटांसारख्या त्या लांब वेडर्समध्ये वरून पाणी शिरलं. एका हाताने फांदी धरली, दुसऱ्याने नायलॉन चाचपला. मधली माशी माझ्या अंगठ्यात घुसली. म्हणजे आता तिन्ही गळ कामाला लागले होते. एकाला मासा, एकाला मी, एकाला झाड. हे मला तेव्हा विनोदी वाटलं नाही.

दाताने नायलॉन तोडला. मासा हातात आला, गळ बोट लावताच निघाला. तो दमला होता. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून मी त्याला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले उघडमीट करेपर्यंत. किती वेळ ते माहीत नाही. माझे हात बधिर झाले होते, त्यामुळे तो निघून गेला तो क्षण मला कळलाही नाही. खाली पाहिलं तर हातात नुसतं पाणी होतं.

काका काठावर येऊन उभे होते. त्यांनी हात देऊन मला वर ओढलं. अंगठ्यातला गळ काढून दिला.

"किती होत्या?" त्यांनी विचारलं.

"तीन."

त्यांनी झाडाकडे पाहिलं. "इथे?"

पुढे ते काही बोलले नाहीत. गाडीत हीटर लावला आणि मला थर्मासमधला चहा दिला.

उरलेल्या दोन माश्या मासा लागल्यावर रिकाम्या होतात, असं मी धरून चाललो होतो. त्या रिकाम्या नव्हत्या. त्या गळच होत्या, पाण्यात होत्या, आणि जे सापडेल त्यात रुतत होत्या. मी फक्त त्यांच्याकडे पाहणं थांबवलं होतं.

त्या रात्री मी तिला फोन केला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते, म्हणून कापून टाकला. सकाळी पुन्हा केला. मी म्हटलं, निदान तीन वर्षं मी परत येत नाहीये. खरं तर हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. पुण्याची खुर्ची मी एवढ्यासाठीच ठेवली होती की ती गेली असं म्हणायला लागू नये.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने सांगितलं की एप्रिलमध्ये तिला बंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि तिने ती नाकारली होती. मी पुण्यात येणार असेन आणि ती तिकडे गेलेली असेल, असं नको म्हणून.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्यावर दबाव आला असता ना," ती म्हणाली. "तुझे पर्याय होते."

तिने बंगळुरूला पुन्हा मेल केली. जागा भरली होती. काही महिन्यांनी तिला हैदराबादला काम मिळालं, ती तिकडे आहे. आम्ही दोघं मिळून थांबलो असं लोकांना सांगतो. ते खरं आहे, आणि ते तिने शोधलेलं वाक्य आहे.

हा लेख मी तिला आधी वाचायला दिला. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, "मी मासा नाही. मासा फसला होता. मला सगळं दिसत होतं आणि मी थांबले." हे मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण ते बरोबर आहे आणि माझ्या लेखात बसत नाही. दुसरं, अंगठ्याची जखम मी फोनवर तिला सांगितली होती तेव्हा ती बरीच मोठी होती.

पुण्याच्या मित्राला मी त्याच आठवड्यात नाही म्हटलं. त्याने त्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं आणि मला वाटलं होतं तेवढं त्याला वाईट वाटलं नाही. बर्लिनवाल्यांनी मलाच नाही म्हटलं.

यावरून मी हॅलफर्डच्या पंथात गेलो असं कुणी समजू नये. मी अजूनही तीन माश्या लावतो. एप्रिलमध्ये, उघड्या पात्रात, पाणी गढूळ असताना आणि मासे कुठे आहेत याचा पत्ता नसताना तीन प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. नदीला खरंच ठाऊक असतं, आपल्याला नसतं. फक्त गळ्यात आता नेलकटरसारखी छोटी कात्री असते. दोन मासे एकाच माशीला लागले की मी उत्तर मिळालं असं समजतो. आणि त्या आल्डरपाशी पोचलो की थांबतो, कितीही मासे वर येत असले तरी. वरच्या दोन माश्या कापतो, जॅकेटच्या लोकरीच्या पट्टीला टोचतो, आणि एकच ठेवतो. आजवर त्या झाडाखाली एका माशीवर मला फारसं काही मिळालेलं नाही.

गेल्या रविवारी तिथूनच आईला फोन केला.

"काही मिळालं का?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. "जेवलास का?"